एका दंडावर तीन कामे : जुन्या सुतारयंत्रांची दुरुस्ती आणि निगा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत साहित्य, नाटक, संगीत आणि संतवाङ्मय या विषयांवर विद्वान वक्त्यांनी आपल्याला पुष्कळ ऐकवले आहे. आमचा विषय त्या मानाने अगदीच रुक्ष. मंडळाच्या मागच्या शेडमध्ये सुतारकामाचे जे जुने बहुकामी यंत्र उभे आहे, ते व त्याच्या जातीची इतर यंत्रे, त्यांची दुरुस्ती आणि निगा, एवढाच तो आहे. मात्र गणपतीचे मखर, नाटकाचे नेपथ्य आणि वाचनालयाची कपाटे यांवाचून मंडळ चालत नाही, आणि या तिन्ही गोष्टी लाकडाच्या आहेत. तेव्हा विषय अगदीच परका नाही, अशी आम्ही स्वतःची समजूत घालून घेतली आहे.

एका दिवंगत सभासदाच्या कुटुंबीयांनी हे यंत्र मंडळाला दिले तेव्हा त्यावर गंजाचा जाड थर होता. ते भंगारात काढावे की दुरुस्त करावे, असा प्रश्न कार्यकारिणीपुढे आला आणि पाहणीचे काम आम्हा चौघांकडे सोपवण्यात आले. चौघेही कचेरीत फाइली हाताळणारे. हाती पाना धरण्याची सवय केवळ हौसेची. एका अनुभवी मिस्त्रींच्या आणि फिटरच्या साह्याने ते काम पुरे झाले. त्यातून आमचे जे एक मत बनले, ते आरंभीच सांगून टाकतो. जुन्या यंत्रात जपण्यासारखे पुष्कळ असते, तसेच मुळीच जपू नये असेही काही असते. या दोहोंतला भेद न करता ते पहिल्या दिवशी होते तसे करून ठेवणे, म्हणजे जुन्या वस्तूबरोबर जुना धोकाही जपून ठेवणे होय.

प्रथम यंत्राचे स्वरूप पाहू. बिडाच्या भक्कम बैठकीवर एका रेषेत दोन टेबले असतात. त्यांच्या मधल्या फटीत पोलादी कटर ब्लॉक फिरतो व त्यात बसवलेली पाती वरून सरकणारे लाकूड खालून रंधतात. त्याच ब्लॉकच्या दंडाच्या एका टोकाला गोल करवत लावता येते. दुसऱ्या टोकाला चक असतो. त्यात गिरमिट बसवले की सरकत्या टेबलावर बांधलेल्या लाकडात कूस बसवण्याचे भोक पाडता येते. काही यंत्रांत टेबलांखाली फळीची जाडी सर्वत्र सारखी करण्याचीही सोय असते. एक मोटर, एक दंड आणि तीन-चार कामे, असा हा काटकसरीचा संसार आहे.

सुतारकामात यंत्र आणण्याची कल्पना दोनशे वर्षांहून जुनी आहे. बी. ए. ला तत्त्वज्ञान घेतलेल्यांना उपयुक्ततावादी जेरेमी बेंथॅम आठवत असेल. त्याचा धाकटा भाऊ सॅम्युएल बेंथॅम याने लाकूड रंधणे, कापणे, भोके पाडणे अशा कामांच्या यंत्रांविषयी १७९३ मध्ये इंग्लंडात पेटंट घेतले होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पोर्ट्समथच्या आरमारी गोदीत जहाजांना लागणाऱ्या लाकडी कप्प्या यंत्रांवर होऊ लागल्या. यंत्रांची आखणी मार्क ब्रुनेल याची आणि घडण हेन्री मॉड्स्ली याची. एकशे दहा कारागिरांचे काम तेथे दहा माणसे करू लागली, असे सांगतात. परंतु त्या कारखान्यात एकेक यंत्र एकेकच काम करी. छोट्या कार्यशाळेला इतकी यंत्रे घेणे आणि ठेवणे शक्य नव्हते. मोटर हा सर्वांत महाग भाग. तेव्हा एकाच मोटरीकडून अनेक कामे करून घ्यावीत, या गरजेतून बहुकामी यंत्राची लोकप्रियता वाढली. अमेरिकेत हान्स गोल्डश्मिट या जर्मनीत जन्मलेल्या अभियंत्याने केलेले ‘शॉपस्मिथ’ १९४७ मध्ये बाजारात आले. त्याचा सांगाडा लेथचा होता आणि त्याच सांगाड्यावर करवत, भोके पाडण्याच्या दोन तऱ्हा व घासण्याची चकती अशी एकूण पाच कामे होत. युरोपातील पद्धतीत मात्र रंधा हा मुख्य भाग आणि बाकीची कामे त्याच्या आधाराने होणारी. आपल्याकडच्या लहान कार्यशाळांतून दिसणारी यंत्रे या दुसऱ्या कुळातील आहेत.

मग ही यंत्रे भंगारात का जाऊ लागली? त्याचे मुख्य कारण यंत्रात नसून लाकडात आहे. पूर्वी दाराची चौकट काय किंवा पलंग काय, सागवानाच्या ओबडधोबड फळीतून काढावा लागे, आणि तिला रंधून सरळ करणे हे पहिले काम असे. आता प्लायवूड आणि एमडीएफ यांचे तक्ते कारखान्यातून सपाट होऊनच येतात. त्यांना रंधा लागत नाही. उलट त्यांतील डिंकासारख्या रसायनाने पात्याची धार लवकर जाते. दुसरे असे की, मिस्त्रींना आता गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन काम करायचे असते. हातात मावणारी विजेची हत्यारे पिशवीतून नेता येतात, चार-पाचशे किलोचे बीड नेता येत नाही. म्हणून जे यंत्र एके काळी कर्ज काढून घेतले, तेच आज वजनावर विकले जाते.

तरीही भरीव लाकडाचे काम करणाऱ्याला त्याची किंमत कळते. बिडाच्या पोटात ग्रॅफाइटचे सूक्ष्म पापुद्रे असतात आणि ते कंप शोषून घेतात. म्हणून पाते थरथरत नाही व रंधलेला पृष्ठभाग स्वच्छ निघतो. झिजणारे भाग म्हणजे बेअरिंगे, पट्टे आणि पाती. हे तिन्ही बदलण्याजोगे असतात. बेअरिंगांची मापे तर जगभर एकच आहेत. ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग कोठेही घ्या, आतील भोक २५, बाहेरील व्यास ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर हेच असते. कारखाना बंद पडला, नावाची पट्टी झिजून गेली, तरी यंत्र अनाथ होत नाही ते यामुळे.

परंतु पैसा आणि श्रम घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला, बिडाला तडा आहे काय? पाया किंवा झाकण यांवरील लहानसा तडा जाणकार वेल्डरकडून सांधून घेता येतो. टेबलाच्या कटर ब्लॉकजवळच्या काठाला अथवा बेअरिंगच्या घराला तडा असेल, तर ते यंत्र सोडून द्यावे. दुसरा प्रश्न, दंड सरळ आहे काय? डायल गेज लावून दंड हाताने फिरवला की वाक लपत नाही. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, कटर ब्लॉक गोल आहे की चौकोनी?

हा तिसरा प्रश्न थोडा सविस्तर सांगितला पाहिजे. अगदी जुन्या रंधायंत्रांत ब्लॉक चौकोनी असे व त्याच्या बाजूंवर पाती बोल्टांनी आवळलेली असत. चौकोन फिरताना त्याच्या कोपऱ्यांच्या मधे मोठी पोकळी राहते. बोट त्या पोकळीत गेले की ते टोकाशी न थांबता हात आत ओढला जातो. गोल ब्लॉकमध्ये पाते पृष्ठभागाच्या जेमतेम एक मिलिमीटर वर असते. अपघात झाला तरी इजा पुष्कळ मर्यादित राहते. विसाव्या शतकाच्या आरंभी गोल ब्लॉक प्रचारात आले आणि ब्रिटनमध्ये १९२२ च्या नियमांनी हाताने लाकूड सरकवण्याच्या रंध्यांना गोल ब्लॉकच बंधनकारक केला. तेव्हा चौकोनी ब्लॉकचे यंत्र हाती आले, तर त्याचा ब्लॉक बदलावा. ते जमत नसेल, तर यंत्र संग्रहालयात शोभेल. त्यावर काम करू नये. सुदैवाने आपल्या यंत्राचा ब्लॉक गोल निघाला आणि म्हणूनच आम्ही दुरुस्तीचा पक्ष घेतला.

यंत्र खोलण्याआधी प्रत्येक बाजूने छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक बोल्ट ज्या भागाचा, त्या भागाच्या नावाच्या डबीत ठेवावा. खोलणे एका रविवारचे, जोडणे मात्र अनेक रविवारांचे काम असते आणि तोवर स्मरणशक्ती दगा देते. अडकलेला बोल्ट बळाने पिळू नये. भेदक तेल सोडून एक रात्र जाऊ द्यावी, मग भोवतालचे बीड थोडे गरम करून हलके ठोके द्यावेत. लहान भागांवरील गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह सोडून छान निघतो. गंजलेला भाग ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडावा. धन टोकाला स्टेनलेस पोलाद कधीही लावू नये, कारण त्यातून क्रोमियमचे विषारी संयुग पाण्यात उतरते. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, म्हणून काम उघड्यावर करावे व आसपास विस्तव नसावा. जुना रंग कोरडा खरवडू नये. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर आपल्या देशात ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. तो ओला करून काढावा आणि खरवड भुशात मिसळू देऊ नये.

टेबलांचा गंज काढताना विजेच्या घासणीचा मोह होतो. तो आवरावा. घासणी एका जागी किंचित अधिक रेंगाळली की सपाट टेबलाला कायमचा खड्डा पडतो. रॉकेल, बारीक घासकागद आणि लाकडाचा सपाट ठोकळा एवढे पुरते. काळे डाग राहिले तर राहू द्यावेत. डागाने काम बिघडत नाही, खड्ड्याने बिघडते.

आता गतीचे गणित. आपल्या यंत्राची मूळ मोटर जळालेली होती आणि बाजारात दोन जातींच्या मोटरी सहज मिळतात. एक मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते, दुसरी सुमारे २८८०. दोघींचा आकार जवळपास सारखा आणि अश्वशक्तीही तीच. म्हणून दुकानदार एकीच्या जागी दुसरी सहज देतो. मोटरीची पुली १७५ मिलिमीटरची आणि ब्लॉकची ६३ मिलिमीटरची असेल, तर १४४० फेऱ्यांच्या मोटरीवर ब्लॉक मिनिटाला ४००० फेरे घेतो. त्याच पुल्या ठेवून २८८० ची मोटर लावली, तर तोच ब्लॉक ८००० फेरे घेईल. गती दुप्पट झाली की पात्याला बाहेर फेकणारे बल चौपट होते. ज्या बोल्टांनी पाती आवळलेली आहेत, ते या बलासाठी घडवलेले नसतात. तेव्हा मोटर बदलली की पुल्यांचे माप घेऊन गुणाकार-भागाकार केल्यावाचून कळ दाबू नये. अमेरिकेतून आणलेले यंत्र असल्यास आणखी एक ध्यानात ठेवावे. तेथील वीज ६० आवर्तनांची, आपली ५० ची. तिकडची साधी मोटर इकडे सुमारे एक षष्ठांश मंद फिरते आणि अधिक तापते. नुसता व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावून हा दोष जात नाही.

पाती लावणे हे या सर्वांतले नाजूक काम. जोडीतील पाती सारख्या वजनाची हवीत. आम्ही ती सराफाच्या काट्यावर तोलून घेतली आणि जे जड होते ते पाठीकडून घासून हलके केले. लाकूड आत जाते ते अलीकडचे टेबल आणि रंधून बाहेर येते ते पलीकडचे, असे म्हणू. विजेची वायर काढून ठेवावी, पलीकडच्या टेबलावर सरळ धारेची लाकडी पट्टी ठेवावी आणि ब्लॉक हाताने फिरवावा. पात्याने पट्टी तीन-चार मिलिमीटर पुढे ओढली पाहिजे. दोन्ही टोकांना आणि प्रत्येक पात्याला ही ओढ सारखी आली म्हणजे पाती एका पातळीत बसली. पलीकडचे टेबल पात्यांच्या माथ्याहून खाली राहिले, तर फळीच्या शेवटी खोल घाव पडतो. वर राहिले, तर फळी त्याच्या काठाशी अडते. रंधलेली फळी लहरी दिसते तीही गणितानेच समजते. दोन पात्यांचा ब्लॉक ४००० फेऱ्यांत मिनिटाला ८००० घाव घालतो. फळी मिनिटाला चार मीटर सरकवली, तर दर अर्ध्या मिलिमीटरला एक घाव पडतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत येतो. घाई करून दुप्पट वेगाने ढकलली, की लाटा डोळ्यांना दिसू लागतात.

ज्याला आम्ही यंत्राचा जन्मजात दोष म्हणतो, त्याकडे आता वळतो. एका दंडावर तीन कामे हा त्याचा गुण सांगितला. तोच त्याचा दोषही आहे. तुम्ही रंधत असता तेव्हा मांडीजवळ करवत तितक्याच वेगाने फिरत असते आणि पलीकडे गिरमिटही. लक्ष असते एका पात्याकडे, धोका असतो तीन ठिकाणी. म्हणून आमचा पहिला नियम असा की, जे काम चालू नाही त्याचे हत्यार दंडावर नसावे. करवत उतरवायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे वाचवण्याच्या नादात बोटे गमावलेले मिस्त्री प्रत्येक शहरात भेटतात.

मूळ यंत्रावर नसलेल्या चार गोष्टी आम्ही मुद्दाम जोडल्या. ब्लॉकवर सरकते झाकण बसवले; ते लाकडाच्या रुंदीइतकेच उघडते. करवतीच्या मागे पोलादी उभी पट्टी लावली. ती करवतीच्या पत्र्याहून जाड पण कापाच्या फटीहून पातळ असते. ओले किंवा पिळलेले लाकूड कापल्यावर मिटू लागते आणि मागून वर येणाऱ्या दात्यांवर चढून माणसाच्या अंगावर फेकले जाते. पट्टी ती फट मिटू देत नाही. जुने सुतार हातकरवतीने चिरताना कापात पाचर घालीत, तेच हे तत्त्व. तिसरी गोष्ट, वीज गेली की आपोआप सुटणारा स्टार्टर. साध्या खटक्यावर चालणारे यंत्र वीज परत येताच कोणी जवळ नसतानाही सुरू होते. चौथी गोष्ट, भुसा ओढून घेणारा पंखा व पिशवी. लाकडाची धूळ माणसात कर्करोग उत्पन्न करते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केला आहे. नाकाला रुमाल बांधल्याने ती थांबत नाही.

या चार गोष्टींनी यंत्राचे जुनेपण बिघडले, असे एका रसिक मित्राने आम्हाला ऐकवले. आम्ही नम्रपणे एवढेच म्हटले की, नाटकाच्या तालमीला येणारी कॉलेजातील मुले-मुली या यंत्रावर काम करणार आहेत. त्यांच्या हातांपेक्षा यंत्राचे मूळ रूप अधिक मोलाचे, असे मानायची आमची तयारी नाही.

निगा राखण्याचे नियम थोडे आहेत. ते पाळण्याची चिकाटी मात्र मोठी लागते. काम संपल्यावर भुसा झाडावा, कारण भुसा हवेतील ओल धरतो आणि रात्रीत बिडावर गंज चढवतो. टेबलांना तेलाऐवजी मेण घासावे. तेलाचे डाग लाकडावर उतरतात आणि मग त्यावर पॉलिश धरत नाही. बंद बेअरिंगांना वंगण लागत नाही. उघड्यांना बेताने द्यावे, कारण अतिरेकाने ती तापतात. फार जुन्या यंत्रांत गोळ्यांच्या बेअरिंगांऐवजी पांढऱ्या धातूची बेअरिंगे असतात. ती जुनाट म्हणून काढून टाकू नयेत. तेलाच्या वाट्या रोज भरल्या तर ती दीर्घकाळ सेवा देतात. पट्टा ताणून करकरीत करू नये आणि जोडीतला एकच बदलू नये. पावसाळ्यात यंत्र प्लास्टिकने गच्च झाकू नये. आत घाम धरतो. सुती चादर बरी. काम करणाऱ्याने अंगठी, मनगटावरचा गंडा, सैल बाही, ओढणी वा पदर यांची आधी व्यवस्था लावावी. हातमोजे घालू नयेत; फिरते पाते त्यांना पकडते. तीनशे मिलिमीटरहून आखूड तुकडा यंत्रावर रंधू नये. त्यासाठी हातरंधा आहे.

शेवटी एक गोष्ट, जी लोखंडाची नाही. आम्ही बहुतेक बदलीच्या नोकरीतली माणसे. आज पाती लावण्याची हातोटी ज्याला साधली आहे, तो उद्या गुवाहाटीला किंवा कोचीला असेल. यंत्र येथेच राहील आणि त्याचे ज्ञान मात्र सामानाबरोबर निघून जाईल. म्हणून कचेरीतली आमची खोड येथे कामी लावली व यंत्राजवळ एक नोंदवही ठेवली. पाती कधी लावली, कोणी लावली, कोणते बेअरिंग कोठे आहे, पुल्यांची मापे काय, मोटरीचे फेरे किती, हे सर्व तीत आहे. ती मराठीत लिहिली आहे आणि प्रत्येक भागाचे व हत्याराचे येथील हिंदी नावही शेजारी दिले आहे. रंध्याला मिस्त्री रंदा म्हणतात आणि गुण्याला गुनिया. आमची करवत त्यांची आरी आणि आमचा वाकस त्यांचा बसूला. आपल्या मुलांना यांतली बरीच नावे दोन्ही भाषांत माहीत नव्हती. यंत्र दुरुस्त करताना ती त्यांच्या तोंडी आली, हा आम्हाला अनपेक्षित लाभ वाटतो.

कार्यकारिणीला आमची विनंती अशी. यंत्राच्या देखभालीची जबाबदारी एका वेळी दोघांवर असावी, आणि त्यांतला एक तरी या शहराचा कायमचा रहिवासी असावा. नव्या माणसाने नोंदवही वाचून, सांगणाऱ्याच्या देखरेखीखाली पाती एकदा उतरवून पुन्हा लावल्याशिवाय त्याला शेडची किल्ली देऊ नये. आणि ज्या दिवशी असे दोघे मिळणार नाहीत, त्या दिवशी यंत्राची वायर काढून ठेवावी. त्यावर कोणी अंदाजाने काम करू नये. यंत्र वाट पाहू शकते. बिडाला घाई नसते.

 ज्यांना यंत्र पाहायचे असेल त्यांनी येत्या रविवारी सकाळी शेडमध्ये अवश्य यावे. मखराची चौकट त्याच दिवशी रंधायची आहे आणि फळ्या धरायला माणसे हवीच आहेत.